पंचवटीतला स्टुडिओ आणि फोटोशॉप सीएस ६ : जुन्या सॉफ्टवेअरसाठी नवं मशीन निवडताना

पंचवटी कारंजाजवळ एक फोटो स्टुडिओ आहे. तीस वर्षांहून जुना. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो. दिवाळी उरकली होती, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा तोंडावर आल्या होत्या, तेव्हा त्यांचा फोन आला. "अरे, मशीन पार बसलंय. अल्बमची शीट सेव्हला लावतो, समोर जाऊन चहा पिऊन येतो, तरी ते आपलं फिरतंच असतं. तू एकदा येऊन बघून जा."

मी नाशकात संगणक जोडणी आणि दुरुस्तीचं काम करतो. स्टुडिओवाले, डीटीपीवाले, छापखानेवाले ही माझी बहुतेक गिऱ्हाइकं. सॉफ्टवेअर जुनंच ठेवायचंय पण मशीन नवं हवंय, असं म्हणणारी माणसं माझ्याकडे सतत येतात, म्हणून काकांचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतो आहे.

काकांकडचं मशीन कोअर २ ड्युओ प्रोसेसरचं होतं. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, ३२ बिटची विंडोज ७ आणि त्यावर फोटोशॉप सीएस ६. हे सॉफ्टवेअर २०१२ मध्ये बाजारात आलं आणि काकांनी तेव्हाच खोक्यासकट विकत घेतलं. एकदा पैसे भरून कायमचं वापरायला मिळालेलं ते शेवटचं फोटोशॉप. २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्यावरच मिळू लागल्या. "मी पैसे मोजून घेतलंय. डीव्हीडी आहे, नंबर आहे. आता दर महिन्याला भाडं कशाला भरू?" हा काकांचा सवाल, आणि मला तो रास्त वाटतो. पैशांपेक्षाही मोठं कारण त्यांच्या डिस्कवर होतं. लग्नाच्या अल्बमचे शेकडो टेम्पलेट, स्वतः बसवलेल्या, एका कळीसरशी ओळीने पायऱ्या करून देणाऱ्या ॲक्शन्स, आणि एकसष्टाव्या वर्षी डोळे मिटूनही चालणारा हात. कुठली कळ दाबली की काय होतं, हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. ते सगळं मोडून नवं शिका म्हणणं म्हणजे ऐन लग्नसराईत त्यांचा धंदा बसवण्यासारखं होतं.

माझ्या आधी त्यांनी एका दुकानातून कोटेशन आणलं होतं. त्यात वीस कोअरचा, म्हणजे आत गणित करणारे वीस स्वतंत्र भाग असलेला प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि २७ इंची फोरके मॉनिटर होता. आकडा लाखाच्या बराच पुढे गेला होता. त्यातली एकेक वस्तू चांगलीच होती. पण २०१२ चं सॉफ्टवेअर यातल्या किती गोष्टी ओळखतं आणि वापरतं, हा प्रश्न दुकानात कुणी विचारलेलाच नव्हता.

कागदावर काही लिहिण्याआधी मी काकांना म्हटलं, "काका, नेहमीची एक शीट उघडा आणि रोजच्यासारखं काम करा. मी नुसता बघत बसतो."

फोटोशॉपच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी असते. बहुतेकांकडे तिथे फाइलचा आकार दिसत असतो. शेजारच्या बाणावर क्लिक केलं की 'इफिशिअन्सी' निवडता येतं. हा आकडा १०० असेल तर काम रॅममध्ये चाललंय. खाली येऊ लागला की समजायचं, रॅम संपली आणि फोटोशॉप हार्ड डिस्कवर तात्पुरती जागा वापरतंय. काकांनी हळदीच्या फोटोंची शीट उघडली, तीन फोटो ओढले, एका चेहऱ्यावर हात फिरवला. आकडा १०० वरून ७१ वर आला, मग ५२, मग ३४. डिस्कचा लाल दिवा विझायचं नाव घेईना. माझ्यापुरतं निदान तिथेच झालं.

हे असं का होतं याचा हिशेब सोपा आहे. लग्नाच्या करिझ्मा अल्बमची १२ बाय ३६ इंची शीट ३०० डीपीआयला, इंचाला ३०० ठिपके धरून, म्हणजे ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल, एकूण ३ कोटी ८८ लाख ८० हजार. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर शीटभर पसरलेला एक थर साधारण १११ एमबी होतो. असे दहा थर झाले की १ जीबी ओलांडला, आणि हिस्टरीत साठणाऱ्या मागच्या पायऱ्या वेगळ्याच. आता ३२ बिटच्या विंडोजवर फोटोशॉपच्या वाट्याला जास्तीत जास्त १.७ जीबीच्या आसपास मेमरी येते. मशीनमध्ये ४ जीबी आहे की ८ जीबी, याने तिथे फरक पडत नाही. काकांना दोन वर्षांपूर्वी कुणीतरी आणखी रॅम टाकायला सांगितलं होतं. त्यांनी टाकली नाही हे बरंच झालं. त्या विंडोजवर ते पैसे पाण्यात गेले असते.

म्हणजे पहिली गरज ही मर्यादा नसलेली ६४ बिटची विंडोज आणि तिच्यावर सीएस ६ ची ६४ बिट आवृत्ती ही होती. विंडोजसाठीच्या डीव्हीडीत ३२ आणि ६४ बिट अशा दोन्ही आवृत्त्या असतात आणि ६४ बिटच्या विंडोजवर दोन्ही शेजारीशेजारी बसतात. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

कुठली विंडोज, यावर काकांचं म्हणणं ठाम होतं. "सातच ठेव, मला सवय आहे." मी नाही म्हटलं. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर विंडोज ७ ला पाठबळच नाही. नव्या मदरबोर्डवर ती टाकायला गेलं तर तिच्यात यूएसबी ३ चे ड्रायव्हर नसल्यामुळे इन्स्टॉलच्या पहिल्याच पडद्यावर माउस आणि कीबोर्ड मुके होतात. शिवाय विंडोज ७ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. स्टुडिओचं मशीन इंटरनेटला लावावंच लागतं, कारण लॅबला फाइली त्यावरूनच जातात, गिऱ्हाइकांचे फोटो व्हॉट्सॲपवरून येतात. मग उरली विंडोज ११. तिला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. ऑफिसांतून निघालेली सहाव्या-सातव्या पिढीची रिफर्बिश्ड मशीनं बाजारात स्वस्तात मिळतात आणि सीएस ६ त्यांच्यावर छान चालतं. पण या अटीमुळे मी ती यादीतून काढून टाकली.

काकांच्या भाच्याने जुना मॅक सुचवला होता. त्यावर फार वेळ घालवावा लागला नाही. मॅकने २०१९ च्या कॅटलिना या आवृत्तीपासून ३२ बिटचे प्रोग्राम चालवणं बंद केलं आणि मॅकवरच्या सीएस ६ चा इन्स्टॉलर ३२ बिटचाच आहे. त्यात काकांचा परवाना विंडोजचा.

प्रोसेसरपाशी मात्र मी मुद्दाम रेंगाळलो, कारण जास्तीत जास्त पैसे इथेच वाया जातात. काकांच्या परवान्यात दोन संगणकांवर ॲक्टिव्हेट करायची मुभा आहे आणि त्यांनी आजवर एकच वापरली होती. दुसरी वापरून मी माझ्या टेबलावरच्या सहा कोअरच्या मशीनवर सीएस ६ बसवलं आणि काकांची तीच हळदीची शीट उघडली. मग टास्क मॅनेजरमधल्या डिटेल्समध्ये फोटोशॉपवर राइट क्लिक करून 'सेट ॲफिनिटी' उघडलं. कुठला प्रोग्राम किती कोअर वापरेल हे तिथे ठरवता येतं. आधी दोनच कोअर दिले, मग चार, मग सहा. प्रत्येक वेळी तीच ॲक्शन, तीच शीट, मोबाइलवर स्टॉपवॉच. दोनवरून चारवर गेल्यावर काही फिल्टर हाताला जाणवण्याइतके वेगात झाले. चारवरून सहावर गेल्यावर सेकंदही वाचला नाही. सेव्ह करताना तर आलेख स्पष्टच होता. एक कोअर छताला टेकलेला, बाकीचे जमिनीवर. पीएसडी ही फोटोशॉपची फाइल सेव्ह होताना आकुंचन पावते आणि हे आकुंचनाचं काम सीएस ६ मध्ये एकच कोअर करतो.

तेव्हा वीस कोअर घेऊन काकांना काहीच मिळालं नसतं. एक कोअर किती पळतो, हेच महत्त्वाचं. म्हणून मी कोअर आय ३ १२१०० निवडला. चार कोअर, वेग ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत. त्याला आणखी एक गोष्ट अनुकूल होती. बाराव्या पिढीपासूनच्या अनेक महागड्या प्रोसेसरांत वेगवान आणि सावकाश असे दोन जातींचे कोअर असतात, आणि कुठलं काम कुठल्या कोअरवर टाकायचं हे विंडोज ठरवते. जुन्या प्रोग्रामची खिडकी मागे गेली की त्याचं काम सावकाश कोअरवर ढकललं जाण्याची शक्यता राहते. या आय ३ मध्ये चारही कोअर एकाच, वेगवान जातीचे. प्रश्नच उरत नाही.

"आय ३?" काकांचा चेहरा उतरला. "शेजारच्या पोराकडे गेम खेळायला आय ७ आहे, आणि मी धंद्याला आय ३ घेऊ?" त्यांची समजूत मी बोलून काढली नाही. त्यांना माझ्याकडे घेऊन आलो आणि सहा कोअरच्या मशीनला चारच कोअर देऊन त्यांच्याच हाताने शीट करू दिली. त्यांनी पाच फोटो लावले, आकार बारीक-जाड करणारं लिक्विफाय उघडून नवरीच्या दंडावर हात फिरवला, सेव्ह केलं. खालच्या पट्टीकडे बोट दाखवून मी म्हटलं, "शंभर आहे ना?" ते म्हणाले, "शंभरच आहे. घे मग हेच."

रॅम १६ जीबी घेतली, ८ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी टाकू नये. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून वाटा घेतं, आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला रुंद वाट मिळते. काकांना सिंहस्थाचे जुने निगेटिव्हही स्कॅन करायचे होते, त्यामुळे तो हिशेबही करून घेतला. ३५ मिलिमीटरचं एक निगेटिव्ह ४८०० डीपीआयला, १६ बिटमध्ये स्कॅन केलं तर साधारण १८५ एमबी होतं. पाच-सहा उघडी ठेवली तरी १६ जीबीत आरामात बसतात.

ग्राफिक्स कार्ड घेतलंच नाही. सीएस ६ ग्राफिक्सची मदत घेतं ते लिक्विफाय, नवे ब्लर फिल्टर, झूम करताना चित्र सरकणं अशा मोजक्या ठिकाणी. आजच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याला पुरेसं आहे. जे पैसे वाचले ते मी मॉनिटर आणि यूपीएसकडे वळवले.

मॉनिटरवरून मात्र काकांशी थोडा वाद झाला. त्यांना फोरके हवा होता. त्यांचं म्हणणं, फोटोग्राफरकडे चांगला पडदा नको का? हवाच. पण सीएस ६ ची चिन्हं आणि मेनू पडद्याच्या घनतेप्रमाणे मोठे होत नाहीत. १६ पिक्सेलचं एक चिन्ह २४ इंची फुल एचडीवर साधारण साडेचार मिलिमीटरचं दिसतं आणि २७ इंची फोरकेवर अडीच मिलिमीटरचं. मी वहीच्या पानावर दोन चौकोन काढले, एक साडेचारचा, एक अडीचचा, आणि पान त्यांच्या पडद्याच्या अंतरावर धरलं. काकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "मोठंच बरं." मग २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेल. बाजूने पाहिलं तरी त्वचेचा रंग बदलत नाही, कारण काउंटरपलीकडे उभं राहून गिऱ्हाईकही तोच पडदा बघत असतं.

साठवणुकीला विंडोज, फोटोशॉप आणि त्याच्या तात्पुरत्या जागेसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी ही वेगवान डिस्क, आणि झालेल्या कामांसाठी २ टीबीची साधी हार्ड डिस्क. त्याहून वेगवान, महाग एसएसडीचा उपयोग नव्हता, सेव्हचा वेळ डिस्कपेक्षा त्या एका कोअरवर जास्त अवलंबून असतो. सोबत १ केव्हीएचा यूपीएस. सीएस ६ दर दहा मिनिटांनी फाइलची सावरणारी प्रत ठेवतं, पण लाइट गेल्यावर मधल्या नऊ मिनिटांचं काम जातंच. सगळं मिळून खर्च त्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी आला.

बसवताना तीन ठिकाणी अडलं.

मला खरी धास्ती ॲक्टिव्हेशनची होती, म्हणून सुरुवात तिथूनच केली. माझ्या टेबलावरच्या मशीनवर हेल्प मेनूतून 'डिॲक्टिव्हेट' केलं. काकांनी देव्हाऱ्याखालच्या कपाटातून फोटोशॉपचं खोकं काढलं. आत डीव्हीडी, आणि नंबराचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. नव्या मशीनवर नंबर टाकला आणि परवाना लागला. तो लागल्यावरच मी जुन्या मशीनवरचा काढला. हा क्रम कुणी उलटा करू नये. आणि डिॲक्टिव्हेट न करता जुनं मशीन फॉरमॅट तर अजिबात करू नये, दोनातली एक जागा अडकून बसते.

दुसरी अडचण मेमरीची. सीएस ६ उघडलं, प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सवर गेलो, तर खिडकी सांगू लागली की ९६ आणि ८ यांच्या दरम्यानची पूर्ण संख्या हवी. ९६ पासून ८ पर्यंत! अशी संख्या असणार कुठून. नव्या विंडोजवर ही गोष्ट पुष्कळांना आढळते. उपलब्ध मेमरीचा आकडा जुन्या फोटोशॉपच्या हिशेबात नीट बसत नाही. उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत आहे. चालू वापरकर्त्याच्या शाखेत फोटोशॉपखाली ६०.० नावाचा कप्पा असतो. तिथे 'ओव्हरराइड फिजिकल मेमरी एमबी' हे शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहून डीवर्ड या प्रकारची नोंद करायची आणि दशमान पद्धतीने मशीनमधली रॅम एमबीत द्यायची. मी १६००० दिली. फोटोशॉप पुन्हा उघडलं, खिडकी सरळ झाली, ७० टक्के मेमरी देऊन टाकली. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवली होती.

तिसरी गोष्ट मी आधीच विचारायला हवी होती आणि विचारली नाही. काकांच्या निम्म्या ॲक्शन्स फोटोशॉपला जोडलेलं, चेहरा मुलायम करणारं एक जुनं प्लगइन वापरतात. ते ३२ बिटचं आहे, आणि ३२ बिटचं प्लगइन ६४ बिटच्या फोटोशॉपमध्ये दिसतच नाही. ॲक्शन चालवली की मध्येच थांबायची. काका काही बोलले नाहीत, पण त्यांचा हात माउसवर तसाच थांबला, आणि मला फार वाईट वाटलं. मग त्या शेजारीशेजारी बसलेल्या दोन आवृत्त्या कामी आल्या. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटच्या फोटोशॉपलाही ३ जीबीच्या वर मेमरी मिळते, म्हणजे जुन्या मशीनच्या जवळपास दुप्पट. सुटा फोटो त्याला जड नाही. आता काका चेहऱ्यांचं काम ३२ बिटमध्ये उरकतात आणि शीट ६४ बिटमध्ये लावतात. डेस्कटॉपवर दोन चिन्हं आहेत, मी त्यांना 'चेहरा' आणि 'अल्बम' अशी नावं दिली.

स्कॅनरचंही तसंच. त्याचा ड्रायव्हर ६४ बिटच्या फोटोशॉपच्या इम्पोर्ट मेनूत येत नव्हता. स्कॅनरच्याच सॉफ्टवेअरमधून टिफ फाइल काढायची आणि ती फोटोशॉपमध्ये उघडायची, असं ठरवून टाकलं.

मराठी अक्षरांचं आधीच माहीत होतं. सीएस ६ च्या नेहमीच्या मांडणीत युनिकोड देवनागरी, म्हणजे मोबाइलवर चालते ती, नीट जुळत नाही. 'चि. सौ. कां.' लिहायला गेलं की 'चि'ची वेलांटी च सोडून उजवीकडे जाऊन बसते. काका पहिल्यापासून युनिकोडच्या आधीचे मराठी फॉण्ट वापरतात, त्यामुळे फॉण्टचं फोल्डर आणि त्यांची कीबोर्ड मांडणी जुन्या डिस्कवरून जशीच्या तशी आणली. ॲक्शन्स, ब्रश, टेम्पलेटही तेव्हाच. जुन्या मशीनवर काम चालू असतानाच हे करून घेतलं.

काकांच्या मुलाने नवा मिररलेस कॅमेरा घेतला आहे. त्याच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून प्रक्रिया न होता निघालेल्या फाइली सीएस ६ ला कळत नाहीत, कारण त्या उघडणारं कॅमेरा रॉ हे प्लगइन सीएस ६ साठी शेवटचं आलं ते ९.१.१, आणि ते २०१५ चं आहे आणि त्यानंतरचे कॅमेरे त्याच्या यादीत नाहीत. यावर कितीही महाग मशीन हा उपाय नव्हता. फुकट मिळणाऱ्या डीएनजी कन्व्हर्टरमधून फाइली डीएनजी या सामायिक रॉ प्रकारात बदलायच्या, आणि त्यात जुन्या कॅमेरा रॉला चालेल अशी सुसंगती निवडायची. त्याला एकदा करून दाखवलं. आता लग्नावरून आला की रात्री तो सगळं कार्ड कन्व्हर्टला लावून झोपतो.

लग्नसराईच्या मध्यावर मी पुन्हा जाऊन आलो. तीच हळदीची शीट उघडून पाहिली, इफिशिअन्सी १०० वरून हलली नाही. काकांनी माझ्यासमोर एक शीट सेव्ह केली आणि लगेच पुढचा फोटो ओढायला घेतला. चहा दुकानातच मागवला.

जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून कोपऱ्यात ठेवलं आहे. त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर आहे, नंबराच्या कागदाचा फोटो काकांच्या आणि माझ्या मोबाइलमध्ये आहे, आणि परवान्याची दुसरी जागा मोकळी आहे. नव्या मशीनला काही झालं तर त्या जागेमुळे लग्नाचं काम अडणार नाही. दुपारच्या रिकाम्या वेळात काकांनी २००३ च्या सिंहस्थाचे निगेटिव्ह स्कॅन करायला घेतलेत. पुढच्या सिंहस्थाआधी २०१५ च्या फोटोंसोबत लावून दुकानात मांडायचा त्यांचा विचार आहे.